अर्ध्या शटरमागची झोप

‘‘...दुपारी शटर अर्धं खाली ओढतो, खालच्या कप्प्यातून बाटली काढतो, आणि मग काय विचारता, तो तर...’’

पुढचं ऐकूच आलं नाही. नेमका तेव्हाच थोरल्याने ड्रायर सुरू केला. मी जिवाचा कान करून बसले होते हो! पण त्या घुरघुराटापुढे कुणाचं काय चालतं?

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. दोघींपैकी उजवीकडची, धाकट्याची. डावीकडची थोरल्याची. दुकान दोघा भावांचं. बोलत होते ते विमेवाले, सकाळी फिरायला जाणारे, सडपातळ. धाकटा गरम पाणी आणायला मागे गेला, तेवढ्यात माझ्याच मांडीवर बसून माझ्याच माणसाची निंदा!

कारखान्यातून आले तेव्हा माझं रेक्झिन लालभडक होतं. बाजूच्या खटक्याला बोट लावलं की पाठ अलगद मागे जायची. आता हात उसवलेत, खटका अडतो. पण एक गोष्ट मला अजून सगळ्यांच्या आधी कळते. कोण किती जाड झालं, कोण सुकलं, ते त्याच्या घरच्यांच्या आधी माझ्या स्प्रिंगला कळतं. माणूस तोंडाने लपवील, टेकल्यावर काय लपवणार?

धाकटा शिडशिडीत होता. गिऱ्हाईक नसलं की माझ्यावर बसून पाय हलवत गुणगुणायचा. मग हळूहळू भरत गेला. गळा भरला, पोट सुटलं, माझ्या स्प्रिंगा कुरकुरायला लागल्या. गुणगुणणं बंद झालं आणि जांभया सुरू झाल्या.

‘‘रात्रभर झोपतो, तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही रे दादा,’’ तो म्हणायचा.

‘‘घोरून घोरून अख्ख्या इमारतीला जागवतोस आणि वर म्हणे झोप नाही!’’ थोरला हसायचा.

आणि गिऱ्हाइकं? दाढीला फेस लावून बसलेला प्रत्येक जण डॉक्टर. ‘‘पोट आत घे.’’ ‘‘खातोस किती रे?’’ विमेवाले तर दर खेपेला, ‘‘आळस सोड, माझ्याबरोबर चालायला ये.’’ अरे, ज्याला उभ्या उभ्या डुलकी लागते, तो चालायला कसा येणार? मला कपाळ नाही, नाहीतर बडवून घेतलं असतं.

मग एकदा व्हायचं ते झालंच. विमेवाल्यांची दाढी चालू असताना धाकट्याचे डोळे मिटले. क्षणभरच. वस्तरा कानाच्या पाळीला लागला. फार नाही, तुरटी लावून भागलं. पण विमेवाले असे ओरडले, जणू कान हातात आला.

थोरल्याने सगळ्यांदेखत वस्तरा काढून घेतला. ‘‘आजपासून तू गल्ल्यावर बस. तोंडाला वास आला नाही म्हणून मी गप्प होतो. पण परत हा वस्तरा तुझ्या हाती देईन तर शपथ!’’

धाकटा गल्ल्यावर जाऊन बसला. कात्री-वस्तऱ्यावाचून त्याला दुसरं येतं काय? दुपारी त्याने शटर अर्धं ओढलं, खालच्या कप्प्यातून बाटली काढून रिकामी केली आणि माझ्यावर बसल्या बसल्याच झोपला. ताठ. खटका अडतो ना, म्हणून माझी पाठ सरळच राहते. अशी बसल्याजागीची झोप त्याला बरी लागायची. घोरणं नाही, दचकणं नाही.

बातमी घरी पोचली असणारच. शटरखालून वाकून वहिनी आत आल्या, धाकट्याची बायको. हातात डबा, पण नजर चोर पकडायची. आधी नवऱ्याचं तोंड हुंगलं. मग कप्पा उघडला. आत बाटल्या होत्या, पण गोड थंड पेयाच्या. डोळे उघडे राहावेत म्हणून माणूस साखरेचं पाणी ढोसत होता!

वहिनी मटकन स्टुलावर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. मग माया आली. ‘‘मान अवघडली असेल हो,’’ असं म्हणून हात माझ्या खटक्याकडे.

अगं बाई, नको! मी होता होईल तेवढा खटका अडवून धरला. त्यांनी दोन्ही हातांनी दाबला. धाकटा आडवा झाला, घोरायला लागला, आणि घोरणं एकाएकी थांबलं.

माझ्यावर टेकणाऱ्याचा श्वास मला पाठीतून कळतो. हा अडकला होता. छाती धडपडत होती, हवा जात नव्हती. ओठ काळवंडले. मग असा गचका देऊन तो श्वास घेता झाला की माझे चारही पाय हलले. डोळे मात्र मिटलेलेच. आणि लगेच पुन्हा तेच.

‘‘अहो! अहो, उठा!’’ वहिनींच्या हातून डबा पडला.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरकडे गेले, झोपेची तपासणी झाली. मग वहिनींनी दुकानात येऊन थोरल्याला समोर बसवलं.

‘‘दादा, गळ्याभोवती चरबी वाढली, की आडवं झाल्यावर श्वासाची वाट मिटते. मग मेंदू धक्के देऊन जागं करतो, रात्रभर. झोप मोडली की दिवसा भूक खवळते, गोड खावंसं वाटतं, अंगात त्राण राहत नाही. मग वजन वाढतं, आणि वाट आणखी अरुंद होते.’’

‘‘म्हणजे वजनाने झोप गेली, की झोपेने वजन वाढलं?’’

‘‘दोन्ही. गोल गोल फिरतंय.’’ मग हळूच म्हणाल्या, ‘‘घरी अंधार असतो. घोरणं थांबलं की मला वाटायचं, चला, आता शांत झोपले.’’

थोरला बराच वेळ कंगवा पुसत राहिला.

धाकटा आता झोपताना श्वासाची वाट उघडी ठेवायला नाकाला हवेचं नळीवालं यंत्र लावतो. थोरला ‘‘आमचा हत्ती’’ म्हणून चिडवतो. बाटल्या गेल्या, चालणं सुरू झालं. वजन उतरतंय, पण रडतखडत. माझ्या स्प्रिंगांना विचारा. जांभया मात्र गेल्या. आणि परवा, डॉक्टर हो म्हणाल्यावर, थोरल्याने शपथ मोडून वस्तरा त्याच्या हाती दिला.

पहिलं गिऱ्हाईक कोण? विमेवालेच.

‘‘कान सांभाळ रे बाबा,’’ म्हणत ते टेकले. खटक्यात आता तेल पडलंय, पाठ अलगद गेली. फेस लागला, आणि गृहस्थ चक्क झोपले. घोरले. आणि थांबले. माझ्या पाठीला ओळखीची धडपड जाणवली. या काटकुळ्या माणसाची!

धाकट्याने वस्तरा लांब धरला, खटका ओढून मला सरळ केलं. विमेवाले गचका देऊन जागे झाले.

‘‘काका,’’ धाकटा हळूच म्हणाला, ‘‘घोरण्याबद्दल काकू काय म्हणतात?’’

‘‘म्हणजे मलाही तेच? छे! मी काय जाडा आहे?’’ ते उसळले. ‘‘बारीक माणसालाही होतं, डॉक्टरच म्हणाले,’’ धाकट्याने सांगितलं. मग विमेवाले कानाची पाळी चाचपत म्हणाले, ‘‘तुझ्या त्या डॉक्टरांचा पत्ता दे.’’

मी म्हातारी झालेय. उद्या भंगारात घाला, रडणार नाही. पण तोवर एवढं ऐका. दिवसा पेंगणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी तो झोपल्यावर काय होतं, ते कुणीतरी उजेडात बसून बघा.

जाता जाता विमेवाल्यांनी दारातून विचारलंच, ‘‘पण बाटली होती ना रे?’’

‘‘होती की,’’ धाकटा हसला आणि माझ्यावरचे केस झटकायला लागला.