चांगुणाबाईंचं चित्र सांभाळणारा खडा

मित्रांनो, मी एक खडा आहे, पण कुणाच्या अंगठीतला नव्हे, हं! अंगठीतल्या खड्यांना नुसतं मिरवणं माहीत. मी कामाचा आहे. मधाच्या रंगाचा, पेढ्याएवढा, आरपार दिसणारा. मला लिथियम नायोबेटचा स्फटिक म्हणतात. नाव जड आहे, पण सवयीनं जमतं.

माझा जन्म दूरच्या एका शहरातल्या भट्टीत झाला. लालभडक वितळलेल्या रसात एक इवलासा स्फटिक बुडवून तो अगदी सावकाश, गोल फिरवत वर ओढला, आणि त्याला चिकटून मी वाढलो. रसात चिमूटभर लोखंडही घातलं होतं, म्हणून हा मधाळ रंग. मग मला विजेचा जोरदार झटका दिला. त्यासरशी माझ्यातल्या सगळ्या कणांनी एकाच दिशेला तोंड केलं, आणि वीज बंद झाली तरी ते तसेच राहिले. दिलेली दिशा आपणहून न सोडणाऱ्या अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. एकदा सांगितलेलं लक्षात ठेवणारा विद्यार्थीच म्हणा ना!

मला तुळजापूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात आणलं ते संघप्रियाताईंनी. एसटीत खिडकीची जागा मिळूनही त्यांनी बाहेर पाहिलं नाही, सारा प्रवास माझी डबी मांडीवर धरून बसल्या. प्रकाशानं चित्रं साठवण्याचं संशोधन त्या करत होत्या. लेझरचे दोन किरण माझ्या पोटात एकमेकांना भेटले, की त्यांनी आणलेलं चित्र तिथं उमटतं. किरण जरा तिरका केला की त्याच जागी दुसरं चित्र मावतं. एवढ्याशा अंगात अख्खं कपाटभर कागद! माझं मलाच कौतुक वाटतं, तर तुम्हाला का वाटू नये?

पण माझ्यात एक खोट आहे. ज्या उजेडानं चित्र उमटतं, त्याच उजेडानं ते पुसलंही जातं. त्यावर उपाय म्हणजे मला भाजणं. भाजताना चित्र आत दबून बसतं. पुढे भरपूर उजेड दाखवला, की पक्कं झालेलं चित्र उठून येतं आणि कच्चं राहिलेलं कायमचं जातं. माझ्या आधीच्या खड्यातलं चित्र असंच गेलं होतं. मी शेवटचा खडा. माझ्यात ताईंनी आपल्या आईचं, चांगुणाबाईंचं चित्र साठवलं आणि मला भट्टीत भाजलं. जळकोटच्या शिवारात ज्वारी काढताना विळा हातात धरून खळखळून हसणाऱ्या चांगुणाबाई.

भाजून झालं, पण मला उजेड दाखवायचं धाडस ताईंना होईना. त्यांचे मार्गदर्शक अमरसिंह सर म्हणत, "अहो, बघितल्याशिवाय कळणार कसं?" ताई म्हणत, "सणानंतर बघू, सर." हेही गेलं तर सगळं काम मातीत, ही भीती त्यांना खात होती. मी काळ्या डबीत पडून राहिलो.

मग दसरा आला. अशोक विजयादशमीसाठी ताई घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या. इकडे खंडेनवमीला प्रयोगशाळेचे शिपाई महारुद्र मामा यंत्रांची पूजा मांडायला बसले. मामा म्हणजे देवमाणूस. प्रयोगशाळेतली सर्वांत मोलाची वस्तू पूजेत मागं कशी राहील? त्यांनी मला डबीतून काढलं, खिडकीतल्या पाटावर सगळ्यांच्या पुढं बसवलं आणि हळदकुंकू वाहिलं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. मी तापलो. तापलो की माझ्या अंगावर वीज साचते, त्यामुळे उडती धूळही येऊन चिकटली. 

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या आणि दारातच थबकल्या.

"मामा, ह्यो खडा हितं कधीपासनं हाय?"

"नवमीपासनं, ताई. समद्याच्या फुडं तुमचाच मांडला!" मामा कौतुकानं म्हणाले. "पुजेतली वस्तू मधीच हलवत न्हायत. कुणाला हात लावू दिला न्हाय म्या."

"मामा, चित्र कच्चं असंल तर ते उन्हानं पुसलं आसंल," ताई म्हणाल्या. काय झालं ते कळताच मामा मटकन स्टुलावर बसले. "लई चुकलं, ताई. मला ठावं न्हवतं."

ताईंना रडू येत होतं, तरी त्या रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. मित्रांनो, त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. त्यांनी माझ्यावरचं हळदकुंकू आणि धूळ हळुवार पुसली, खिडक्या लावल्या आणि किरण सोडला.  मी तर जीव मुठीत धरून बसलो होतो.

समोरच्या पांढऱ्या कागदावर आधी नुसता डाग दिसला. ताईंनी मला किंचित फिरवलं. आणि ज्वारी दिसली, विळा दिसला, चांगुणाबाईंचे हसताना दिसणारे दात दिसले. चित्र पक्कं झालं होतं! उन्हानं ते उठून आलं होतं. मामा हमसून रडले. मीही रडलो असतो, पण खड्याला ती सोय नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. नाजूक वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नका, दर वेळी नशीब साथ देत नाही. पण जपायचं म्हणून आपलं चांगलं काम अंधारातही कोंडून ठेवू नका. त्याला एकदा उजेड सोसू द्या.

पुढच्या आठवड्यात ताईंनी आईला प्रयोगशाळेत आणलं. डोक्यावरचा पदर सावरत चांगुणाबाई कागदावर उमटलेल्या आपल्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी लेकीला विचारलं, "इतकं ऊन खाऊन बी पुसली न्हाय व्हय ही?"

"न्हाय, आई."

"मंग मीच हाय ती."