सासऱ्यांच्या नावचा मासा

मासा मी पकडला.

वरचं वाक्य चुकून लिहिलं गेलं आहे. ते वाचलंच नाही असं धरून पुढं यावं. मी कधी मासा पकडलेला नाही. मासा माझे सासरे शालिग्राम यांनी पकडला, शहाण्णव सालच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सुरतला. आता तो त्यांनी कसा पकडला ते सांगतो.

माझं नाव योगराज. नंदुरबारला कचेरीसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहितो. कुणाच्या नावात काना राहिलेला असतो, कुणी जिवंत असून कागदावर वारलेला असतो. अशांना मी ‘सदर इसम’ करतो आणि आत पाठवतो. त्या वर्षी माघात माझं लग्न झालं. बायको वर्षा, तिचं माहेर सुरतला, पांडेसऱ्यात. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते आणि तिच्यामागे जावई तिला आणायला जातो. पहिल्या आखाजीचा जावई म्हणजे तर देव्हाऱ्यातला टाकच. त्याने काही करायचं नसतं. त्याला उचलून इकडून तिकडं ठेवतात.

आखाजीला पुरणपोळी आणि आमरस. दुसऱ्या दिवशी कर. करीला तिखट, म्हणजे मटण नाहीतर मासे, झालंच पाहिजे. तर आमच्या साखरपुड्यात सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, चाळीस माणसांदेखत जाहीर केलं होतं, “पहिल्या करीला जावयाच्या ताटात माझ्या हातचा मासा पडेल. बाजारचा नाही. मी स्वतः धरलेला.”

चाळीसच्या चाळीस माणसांनी माना हलवल्या होत्या. मामा तीन उन्हाळे तळ्यावर जातात हे सगळ्यांना माहीत होतं. तीन उन्हाळ्यांत त्यांना एकही मासा लागला नाही हे फक्त सदतीस जणांना माहीत होतं. उरलेले तीन आमच्याकडचे होते.

मामा कापड रंगवायच्या मिलमध्ये रंग जुळवायला होते. वरून नमुन्याची चिंधी येते, तिच्या रंगाचा रंग करून द्यायचा. त्यांच्या हातांवरून मिलमध्ये कोणता माल चालू आहे ते कळायचं. लग्नात त्यांनी माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या तेव्हा हात जांभळे होते. यावेळी मनगटापर्यंत फिरोजी होते. असा माणूस मासेमारीत उतरला तर कुठून उतरणार? रंगातून. मासा वासाला नाही, चवीला नाही, रंगाला भुलतो, असं त्यांचं ठाम मत. गळाला लावायच्या कणकेच्या गोळ्या ते दर खेपेला वेगळ्या रंगाच्या करायचे. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, मिलचा रंग घरात वापरायला बंदी घातलेली, म्हणून मिठाईवाल्याचा रंग, बीट, पालक, हळद. प्रत्येक रंगाची एक गोळी वाळवून पुठ्ठ्यावर चिकटवलेली, खाली नंबर आणि शेरा. मी तो पुठ्ठा पाहिला. एकोणतीस गोळ्या होत्या. एकोणतीस वेळा ‘नाही’ लिहिलं होतं. अक्षर सुरेख.

करीच्या दिवशी मामा रात्रपाळी करून सकाळी आठला आले आणि तसेच पिठाच्या परातीपाशी बसले.

“हात तरी धुवा,” शोभामामी म्हणाल्या.

“येळ नही. ऊन चढलं का मासा खाली बसतो.”

“मी सांगते, अर्धा किलो मटण आणते. जावई माणूस, त्यांचं काय म्हणणं आहे?”

मी म्हणालो, “माझं काही म्हणणं नाही.” जावयाला तेवढंच वाक्य दिलेलं असतं.

“मटण आणलं तर मी जेवणार नाही,” मामा म्हणाले. “तू रस्सा करून ठेव. मासा मी आणतो.” ते हसून म्हणाले, पण कणीक मळणारे हात थांबले होते. “चाळीस लोकांत बोललोय मी, शोभा.”

मामींनी मोठं पातेलं काढलं.

हळदीची कणीक तयार झाली. नंबर तीस, पिवळा धमक. परातीतून उचलून डब्यात भरली आणि आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मामा, माझा मेहुणा लखन, मी आणि एक खुर्ची. खुर्ची प्लास्टिकची, लाल. पहिल्या आखाजीचा जावई मातीत बसला असं कुणी पाहिलं तर मामींना पांडेसऱ्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. लखन वीस वर्षांचा, सुरतेत जन्मलेला, घरात अहिराणी आणि रस्त्यावर गुजराती. त्याने खुर्ची डोक्यावर उलटी घातली आणि मिलच्या भिंतीमागून, उसातून, तळ्यापर्यंत तसाच चालला. मागून मला फक्त चार पाय आकाशाकडे केलेली खुर्ची चालताना दिसत होती.

माझ्या अंगावर सासरकडून आलेला नवा सफारी. कापड मामांनीच रंगवलेलं. रंगाचं नाव ‘बदामी’ असं सांगितलं होतं. उन्हात तो वेगळाच काहीतरी निघाला, पण मी जावई होतो, माझं काही म्हणणं नव्हतं.

तळ्यावर अर्धा पांडेसरा होता. करीला सगळ्यांनाच तिखट लागतं. समोरच्या काठावर बाभळीखाली बळीराम बसला होता. परभणीचा माणूस, लूम चालवायचा, लूमच्या खडखडाटात राहून मोठ्यानेच बोलायचा. गांडुळांची काड्यापेटी शेजारी, आणि बादलीत चिलापी माशाची शेपटी फडफडत असलेली.

“काय वो शालिग्रामभाऊ!” तो पाण्यावरून ओरडला. “आज कोन्ता कलर?”

“पिवळा!” मामा ओरडले.

“माशाला कोन्ता कलर आवडतो ते इचारलं का त्याला? गांडूळ देऊ का?”

“मी रंगातला माणूस आहे!”

“बरं बरं. ऱ्हावा रंगात!”

लखनने खुर्ची मांडली. “बेसो, जीजाजी.” मी बसलो. मामांनी काठी काढली. दोरा मिलमधलाच, पक्का. तरंगायला थर्मोकोलचा तुकडा, त्याला अर्थातच रंग दिलेला. मग त्यांनी डबा उघडला आणि काही वेळ आत बघत राहिले.

“काय व्हयनं?” लखनने विचारलं.

मामांनी डबा पुढं केला. पिवळी कणीक पिवळी नव्हती. ती तांबडी झाली होती. मातकट, तपकिरी, ओलसर तांबडी.

त्यांनी कणकेकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. रात्रभर त्या हातांनी रंग पक्का करायच्या सोड्याचं काम केलं होतं. हळदीला सोडा लागला की ती तांबडी होते, हे कपड्यावर वरण सांडून साबण लावलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. रंगात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला तर माहीत असतंच. फक्त हात न धुता मळताना त्याला ते आठवत नाही, कारण त्याच्या डोक्यात चाळीस माणसं बसलेली असतात.

“शेड गेली,” मामा म्हणाले. मिलमध्ये कापडाचा आख्खा ताका बिघडला तर म्हणतात तसं.

“मूक ने, पप्पा. टाका तीच,” लखन म्हणाला.

त्यांनी टाकली. तीस नंबरची एक तांबडी गोळी गळाला लावून पाण्यात सोडली. अर्धा तास गेला. तासही गेला. थर्मोकोल इतका स्थिर होता की त्याच्यावर चतुर येऊन बसला आणि झोपला. समोर बळीरामने दोन काढल्या, मोजून दाखवल्या, तिसरी काढली. ऊन माथ्यावर आलं. घरी रस्सा उकळत असणार, आणि त्यात काहीच नसणार.

मामा उठले. धोतर झटकायची सवय म्हणून पँटच झटकली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “जावईबापू, जरा काठी धरता? काही करू नका. नुसती धरा. पाहुण्यासारखी.”

“तुम्ही कुठं निघालात?”

“बळीरामकडं.” काठी माझ्या हातात देऊन म्हणाले, “गांडूळ मागायला.”

तीन उन्हाळे नाही म्हणत आलेला माणूस तळ्याला अर्धी फेरी घालून गांडूळ मागायला चालला. पाठीमागून तो एकदम म्हातारा दिसला.  आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून एक अर्ज केला. तोंडी. कुणाकडे ते ठरलं नव्हतं. सदर इसमाला आज एक मासा मिळावा.

अर्ज इतक्या लवकर आत जात नाहीत. हा गेला. चतुर उडाला, थर्मोकोल बुडाला, काठी वाकली.

“लागना!” लखन ओरडला. “जीजाजी, लागना! खेंचो!”

इथं माझी अडचण समजून घ्यावी. ओढलं तर मासा माझा. मामांनी चाळीस माणसांत सांगितलेलं खोटं ठरणार, आणि तेही जावयाच्या हातून. नाही ओढलं तर मासा जाणार. मी खुर्चीतून उठलो, काठी दोन्ही हातांनी धरली आणि मामांकडे चालायला लागलो. मी काठावरून, मासा पाण्यातून. शेळी बाजाराला नेतात तसं. तो आधी आला नाही. मग मी थोडा वेळ थांबलो, त्याला विचार करू दिला, आणि मग तो आला.

मी थांबलो की मागून लखन खुर्ची लावायचा. मी बसायचो, मासा दम घ्यायचा, मग आम्ही तिघं पुढं. खुर्ची धरून चौघं. कपडे धुणारी एक बाई, निंबा नावाचा तळ्याचा वॉचमन आणि एक कुत्रा असे लोक सामील होत गेले.

“ओढ ना भाऊ!” निंबा म्हणाला.

“मला परवानगी नाही,” मी म्हणालो.

“कोणाची?”

“मी जावई आहे.”

“मग बरोबर,” निंबा म्हणाला आणि आमच्यासाठी कुत्र्याला बाजूला करू लागला.

मामा बळीरामपुढं उकिडवे बसले होते. हातात काड्यापेटी घेतली होती, अजून उघडली नव्हती. आमची वरात येताना पाहून दोघं उभे राहिले.

“मामा,” मी म्हणालो, “तुमचा मासा आलाय. भेटायला.”

मी काठी त्यांच्या फिरोजी हातात दिली. लखनने मागून खुर्ची लावली, मी बसलो. मामांनी ओढलं. तीन उन्हाळ्यांचं ओढलं. मासा पाण्याबाहेर आला, उन्हात चमकला, गळातून सुटला, सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि माझ्या मांडीवर पडला. मी दोन्ही हातांनी दाबून धरला. दचकून माणूस मांजरही धरतो.

चिलापी होती. तळहाताएवढी, तीही वर्षाच्या तळहाताएवढी. तिच्या तोंडात नंबर तीसची तांबडी गोळी अजून तशीच होती.

बळीराम वाकला. त्याने ती गोळी बोटावर घेतली, काड्यापेटी उघडून तिच्याशेजारी एक गांडूळ धरलं. दोन्हींचा रंग एकच. तसूभर फरक नाही.

“आयला,” तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू आवाजात. “शेड मॅच झाली की वो.”

 मामांनी गोळी हातात घेतली, उन्हात धरली, सावलीत धरली, परत उन्हात धरली. मिलमध्ये करतात तसं. आणि मग ते इतक्या मोठ्यानं हसले की कुत्रं निंबाच्या मागे गेलं.

“पर मासा धरला जावयानं,” बळीरामचा आवाज परत आला. “तळ्याचा कायदा हाय. कोरड्यात ज्याच्या हातात, त्याचा.”

“मी धरला नाही,” मी म्हणालो. “मी बसलो होतो. तो आला.”

“समद्यांनी बघितलं!”

“खुर्चीनं धरला,” लखन म्हणाला. “ए खुर्शीनो छे.”

घरी आलो तेव्हा मामींनी चार लिटर काळ्या मसाल्याचा रस्सा केलेला होता. मासा त्यात सोडला. तो दिसेनासा झाला. वर्षाने पळीने बराच वेळ शोधला.

“कोणी धरला?” भाकरी वाढताना तिने विचारलं.

“तुझ्या वडिलांनी,” मी म्हणालो. तोंडात घास होता तरी शपथेवर म्हणालो.

मामांनी आपल्या फिरोजी बोटांनी मधला तुकडा उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. मधला तुकडा म्हणजे जवळजवळ सगळाच मासा. बाकीच्यांनी वासावर भाकरी खाल्ली, आणि मामींनी तर तीन खाल्ल्या. जेवण झाल्यावर मामांनी पुठ्ठा काढला, तिसावी गोळी चिकटवली, आणि सुरेख अक्षरात लिहिलं, ‘हो’.

पण परभणीच्या माणसाला हळू बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पांडेसऱ्यात झालं, शालिग्रामच्या जावयानं मासा धरला. मिलमध्ये मामांना लोक तसं विचारू लागले. म्हणून नंबर तीसच्या इभ्रतीखातर खालील अर्ज लिहिला आहे. तो कुठं द्यायचा ते ठरलेलं नाही, कारण तळं कोणाचं आहे हे निंबालाही माहीत नाही.

प्रति,
तळ्याचे जे कोणी साहेब असतील ते.

विषय: माशावरील नाव बदलून मिळणेबाबत.

महोदय, अर्जदार योगराज, धंदा अर्जलेखन, विनंती करतो की आखाजीच्या करीला दुपारी बाराच्या सुमारास आपल्या तळ्यातून निघालेल्या एक नग चिलापीवर लोकांनी तोंडी लावलेले अर्जदाराचे नाव कमी करण्यात येऊन तेथे श्री. शालिग्राम यांचे नाव लावण्यात यावे. काठी त्यांची, दोरा त्यांचा, रंग त्यांचा. अर्जदार केवळ बसलेला होता. खुर्ची साक्षीस हजर करता येईल. श्री. बळीराम यांना याबाबत लेखी समज द्यावी व ती मोठ्याने वाचून दाखवण्यात यावी. मूळ मासा सोबत जोडता आलेला नाही, तो खाण्यात आला आहे. काटे जपून ठेवले असून मागणी झाल्यास समक्ष सादर करू.