कुठला गॅस?

उत्तर न दिलेलं ते पत्र हमरोकुल उस्ताला नेमकं मोटर सुरू होत नव्हती तेव्हाच आठवलं.

अंगणातल्या बर्फाचा चिखल झाला होता आणि त्या चिखलात एका फळीवर ठेवलेला जनरेटर दम्याच्या म्हाताऱ्यासारखा खोकत होता. दोरी ओढली की एक काळा फुत्कार, पुन्हा सगळं गप्प.

पत्र इनोबतचं होतं, दोन हिवाळ्यांपूर्वीचं. रिश्तानजवळच्या या गावातून ती लावे पक्षी विकायला मार्गिलानच्या बाजारात येई आणि पिंजरे टेकवायला म्हणून उस्ताच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसे. ती विधवा, तो विधुर. पत्रात तिने दोनच गोष्टी विचारल्या होत्या. एक, माझा पेट्रोलचा जनरेटर गॅसवर चालेल का? दुसरी, माझा धाकटा भाऊ म्हणतो, तिकडे तुम्ही एकटे, इकडे मी एकटी, तर तुमचं काय म्हणणं आहे?

पहिल्या प्रश्नाची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालणं उस्ताला प्रशस्त वाटेना. त्याने तसलाच एक जुना जनरेटर मिळवला, पुस्तकं चाळली, हवेच्या नळीत गॅस सोडणारं पितळी तोंड घडवलं. यंत्र चाललं. पण चाललं म्हणजे चाललंच का, हे त्याला ठरवता येईना. थंडीत चालेल? रात्रभर चालेल? फोन करायला घेई आणि खाली ठेवी. असे दोन हिवाळे गेले.

आज सकाळी इनोबतचा भाऊ तुर्गुन गाडी घेऊन थेट दुकानात येऊन उभा राहिला.

"उस्ता, पहाटेपासून लाईट नाही. पेट्रोल कुठे औषधालाही मिळेना. आणि आपाची अंडी आजच फुटायचीत. उबवायची पेटी थंड पडली तर सगळा हिवाळा पाण्यात. चला!"

"पण माझं ते अजून... म्हणजे, पक्कं असं..."

"पत्राला उत्तर नाही दिलंत, निदान तोंड तरी दाखवा!"

आणि आता तोंड दाखवून झालं होतं, पितळी तोंड इनोबतच्या जनरेटरला बसवूनही झालं होतं, मोटर मात्र तोंड उघडत नव्हती.

इनोबत आतून बाहेर आली. अंडी उबवायच्या पेटीवर तिने घरातल्या सगळ्या दुलया घातल्या होत्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या सारल्या होत्या. "आतून टोचायला लागलीत हो," ती म्हणाली. "कवचातून चिवचिव ऐकू येतेय. पाणी किती वेळा तापवू?"

"आपा, मी सांगत होतो, माझा काही भरवसा..."

"आपा म्हणू नका हो उस्ता!" तुर्गुन कळवळून ओरडला. "बहीण करून टाकलीत तर सगळंच मुसळ केरात!"

उस्ताचे कान लाल झाले. तोंड लपवायला म्हणून तो वाकला आणि तेव्हा कुठे त्याची नजर रबरी नळीवरून सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेली. भिंतीआड, तुर्गुनने आणून जोडलेला, लाल सिलिंडर उभा होता.

"हे काय?"

"गॅस," इनोबत म्हणाली.

"तुम्ही गॅस लिहिलं होतंत!"

"मग हा काय आहे, ताक?"

"मी नळाचा धरला! तुमच्या गावात नळाचा गॅस येतो ना!"

"येतो. उन्हाळ्यात," इनोबत म्हणाली. "थंडीत त्या नळात फुंकर मारली तर उलट माझीच फुंकर परत येते. उस्ता, एकदा विचारलं असतंत, कुठला गॅस म्हणून. टपालाचं तिकीट लावून मी कळवलं असतं."

नळाचा गॅस विरळ, त्याला मोठं भोक लागतं. सिलिंडरचा दाट, त्याला लहान. उस्ताने मोठं भोक पाडलं होतं आणि मोटरीचा गळा भरून येत होता. त्याने शोधक नजरेने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"तुमची शेगडी... सिलिंडरवरच चालते?"

"हो."

"तिच्या एकुलत्या एका बर्नरची नोझल काढू का? पण मग पाणी तापणार नाही. आणि मी चुकलो तर..."

तिने वळून पेटीकडे पाहिलं. पाणी बंद म्हणजे पेटीची ऊब बंद.

"काढा," ती म्हणाली.

उस्ताने नोझल काढली, हातगिरमिटाने भोक किंचित रुंद केलं, उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहायला लागला तेव्हा तुर्गुन म्हणाला, "उस्ता, ती काय नवरी आहे?" उस्ताने घाईघाईने ती पितळी तोंडात बसवली आणि दोरी ओढली.

खोकला. दोरी. पुन्हा खोकला. आणि मग एकदम जनरेटर धडधडायला लागला. स्वच्छ, बिनधुराचा, न अडखळणारा आवाज. आत पेटीचा दिवा लागला.

संध्याकाळपर्यंत तिघं पेटीच्या काचेपुढे बसून होते. अक्रोडाएवढी ओली पिल्लं एकमेकांच्या अंगावर कोलमडत होती. इनोबत प्रत्येकाला शिव्या देत होती आणि डोळे पुसत होती. काही अंडी फुटली नाहीत. ती तिने ओढणीखाली झाकून बाहेर नेली.

निघताना तुर्गुनने भोंगा वाजवला. उस्ताचे दोन्ही हात काजळीने माखलेले. इनोबतने तंदूरमधली गोल रोटी त्याच्या तोंडापुढे धरली. दिवसभराचा उपाशी माणूस. त्याने मोठा लचका तोडला. तिने उरलेली रोटी शांतपणे नेली आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

तुर्गुनचा भोंगा थांबला.

घरचं माणूस परगावी निघालं की त्याला रोटीचा घास घ्यायला लावतात आणि उरलेली टांगून ठेवतात. ती संपवायला त्याला परत यावंच लागतं. घरच्या माणसाला.

"पत्राला उत्तर देत नाही तुम्ही," इनोबत म्हणाली. "रोटीला तरी द्या."

उस्ता घास चावत चावतच गाडीत जाऊन बसला.

मार्गिलानला घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरातला दिवा लावला. तिथेही एक रोटी टांगलेली होती, दगडासारखी झालेली. फौजेत जाताना त्याच्या धाकट्या भावाने तिचा घास घेतला होता. तो आला नाही. आई मरेपर्यंत दर शुक्रवारी मऊ फडक्याने ती रोटी पुसायची. तिच्यामागे उस्ता पुसत आला. टांगलेली रोटी काय करते माणसाला, हे त्याला ठाऊक होतं.

त्याने कागद घेतला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं: "चालतो. सिलिंडरवरही." मग "बहुतेक" असं लिहिलं आणि खोडलं. मग दुसऱ्या प्रश्नाचं लिहिलं:

"रोटी उतरवू नका. उरलेली खायला येतोय."

सकाळी टपालपेटीपाशी त्याने पाकीट दोनदा उलटून पत्ता वाचला. कितीही धुतले तरी हाताला काजळी होतीच. पाकिटावर अंगठा उमटला. नवं पाकीट आणावं का, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात शेजारच्या चहाच्या दुकानात छताला टांगलेल्या पिंजऱ्यातला लावा जोरात ओरडला. उस्ता दचकला, आणि पाकीट हातातून आत पडलं.