लिफ्टवाल्याचा ठोकळा

मित्रांनो, मला ठोकळा म्हणतात म्हणून हसू नका. मी फोमचा एक जुना ठोकळा आहे, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना गुबगुबीत. पोहणाऱ्याने मला मांड्यांमध्ये धरायचे, म्हणजे त्याचे पाय आपोआप तरंगतात आणि हातांचा सराव नीट होतो. साच्यातून निघालो तेव्हापासून मी कुठे ना कुठे कोंडलेलाच आहे. आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दुकानाच्या कपाटात आणि शेवटी लिफ्टवाल्याच्या मांड्यांत.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा माझा मालक. त्याला एका स्पर्धेचे वेड लागले होते. आधी तलावात पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे. सायकलवर गडी पक्का, पाण्यात मात्र सगळी बोंब! पुढे बघायला मान वर काढायचा, की कंबर आणि पाय खाली जायचे. मग गुडघे वाकवून अशा लाथा मारायचा की फेस भरपूर आणि पुढे सरकणे वीतभर. सगळ्यात वाईट खोड म्हणजे तोंड पाण्यात गेले की तो श्वास दाबून धरायचा. गेल्या वर्षी तलावाच्या मधोमध त्याची छाती कोंडली आणि बोटीवाल्यांनी त्याला उचलून काठावर आणले. तिथे बायको टॉवेल घेऊन उभी होती. तिने लहान मुलासारखे त्याचे अंग पुसून दिले, तेच त्याला जास्त लागले.

त्यानंतर त्याने मला आणले. मी पाय उचलून धरले आणि तरणतलावात त्याचे कौतुक सुरू झाले. खोटे कशाला सांगू, मीही फुशारलो. पण वर्षभर त्याने मला सोडलेच नाही. चुका होत्या तिथेच होत्या, मी फक्त त्या झाकत होतो. ती पकड भीतीची होती, मित्रांनो. दबून दबून मी चपटा झालो, एका बाजूला भेग पडली, पण मला कुठे ओरडता येते? स्पर्धेत ठोकळा चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होते.

तीन आठवडे उरले तेव्हा पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी मला सरळ ओढून काढले आणि काठावर ठेवले. मालकाने दहा हात मारले आणि धापा टाकत भिंत पकडली.

"आत कोंडल्यासारखं होतं, बाई. यंदाही बोटीतूनच येणार मी."

बाई शांतपणे काठावर बसल्या. "लिफ्टमध्ये अडकलेला माणूस घाबरून फोन करतो, तेव्हा काय सांगता त्याला?"

"सांगतो, आधी श्वास सोडा. सगळा सोडा. आत घ्यायचा तो आपोआप येईल."

"मग स्वतःलाही सांगा की."

त्याने तोंड पाण्यात घातले, नजर तळाच्या फरश्यांवर ठेवली. त्याच्या तोंडातून बुडबुडे येताना मी पहिल्यांदाच पाहिले. हळूहळू कंबर वर आली, मागोमाग पायही. वेग काही फार नव्हता, पण या वेळी भिंत आली तेव्हा तो तिला बिलगला नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी त्याच्या बायकोच्या काखेत होतो. तिने मला इतके आवळले होते की माझी भेग वाढली. बोट एकदा त्याच्या बाजूने वळली, तेव्हा तर माझे दोन तुकडेच व्हायचे बाकी राहिले. बोट पुढे निघून गेली. बऱ्याच वेळाने तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला, आणि ती मला टाकून टॉवेल घेऊन धावली. मी काठाच्या पाण्यात पडलो आणि तरंगलो. मांड्या नाहीत, काख नाही. आयुष्यात तेवढीच काय ती पाच मिनिटे.

"हा जपून ठेवायचा," असे म्हणत तिने मला उचलले. तेव्हापासून मी काचेच्या कपाटात आहे, स्पर्धा पूर्ण केल्याच्या पदकाशेजारी. दर आठवड्याला धूळ पुसतात. माणसे याला जपणे म्हणतात.

मित्रांनो, माझ्यात अजून जीव आहे. ज्याचे पाय बुडतात अशा कुणाला तरी मला देऊन टाका. आणि थोडे दिवस गेले की विसरू नका, त्याच्याकडून मला काढून घ्या.