डिस्क पूर्ण पुसायची का?

सासऱ्यांचा लॅपटॉप चालू व्हायला बारा मिनिटं लागत. तेवढ्या वेळात ते दाढी उरकून घेत आणि परत येऊन पडद्याकडे असे बघत, जणू एखादा मास्तर उशिरा वर्गात शिरतोय. सारी नोकरी त्यांनी शाळा तपासण्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर तपासायला घरातलीच माणसं उरली, आणि त्यातही वाट्याला जास्त करून सूनच यायची.

ती एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक होती. तिथल्या साठही मशीनवर तिनं एकटीनं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटातली सिस्टिम, चढवलं होतं. सासरे तिला ‘ऑपरेटर’ म्हणत. पाहुणे आले की आवर्जून सांगत, बटणं दाबण्यात आमच्या ऑपरेटरचा हात कुणी धरणार नाही. पाहुणे हसत. नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि सासूबाई त्याच्याही आधी वर्षभर गेलेल्या. सुनेनं त्यांना भिंतीवरच्या फोटोत काय पाहिलं असेल तेवढंच.

सासरे सहा वर्षं आत्मचरित्र लिहीत होते. दोन बोटांनी, रोज सकाळी, दार लोटून. कुणाला एक ओळ वाचू दिली नव्हती. पुस्तक हातात आल्यावर वाचा म्हणायचे.

नवीन लॅपटॉप घ्यायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी उडवून लावला. हिच्या कॉलेजात फुकटात सिस्टिम बसवतात म्हणे, मग घरच्या मशीनला काय धाड भरलीय, असं त्यांनी जेवताना मुलाला विचारलं. ती समोरच बसली होती. तिनं सांगितलं की रविवारी करून देते, फक्त नवी सिस्टिम घालून आणायला एक कोरी पेन ड्राइव्ह लागेल, आणि तुमचं सगळं आधी दुसरीकडे काढून ठेवा.

“ते मला शिकवू नकोस,” ते म्हणाले. “माझी कॉपी कपाटात आहे.”

मग कपाटातून त्यांनी एक काळी पेन ड्राइव्ह आणून तिच्या ताटाशेजारी ठेवली. मुलानं कधीतरी एकसारख्या दोन आणल्या होत्या. एकीत पुस्तकाची कॉपी आहे, ही दुसरी, कोरी, असं ते म्हणाले.

शुक्रवारी लॅब रिकामी असताना तिनं ती मशीनला लावली. कोरी नव्हती. आत एकच फोल्डर होतं आणि त्यात पुस्तक. म्हातारबुवांनी अदलाबदल केली होती. कपाटात कुलूप लावून ठेवलेली ड्राइव्ह रिकामी होती.

तिला पहिल्यांदा हसू आलं. घरी जाऊन हे सांगताना त्यांचं तोंड कसं होईल, याचं चित्र डोळ्यांसमोर आलं. मग तिनं फाइल उघडली. साडेपाचशे पानं होती. सगळी वाचायला वेळ नव्हता, म्हणून तिनं शोधायच्या चौकटीत ‘सून’ असं टाइप केलं.

ती एकाच पानावर सापडली. शिक्षण बेताचं, रूप त्याहून बेताचं, मुलानं घाई केली, असं लिहिलं होतं. यातलं काही तिला नवं नव्हतं. पुढे दवाखान्याचा परिच्छेद होता. पाच वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. ती घरी आली त्या आठवड्यात सासरे रोज दुपारी तिच्या खाटेशेजारी बसून सफरचंद सोलून देत. एकही शब्द न बोलता. नऊ वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ती एकच गोष्ट होती, आणि त्यांचा राग आला की ती तेच आठवून गप्प बसायची. पुस्तकात लिहिलं होतं की मुलानं गळ घातली म्हणून हे नाटक आठवडाभर करावं लागलं. आणि त्यापुढे: ‘मूल राहिलं नाही ते एका परीनं बरंच झालं. तिच्यासारखं आणखी एक माणूस घरात सांभाळावं लागलं नाही.’

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं नाही. एकदाच पुरलं. तिनं फाइल बंद केली, लिनक्सची फाइल उघडली आणि पेन ड्राइव्ह निवडली. या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं मशीननं विचारलं. रोज कुठल्या ना कुठल्या ड्राइव्हसाठी ती हा प्रश्न न वाचता ‘हो’ म्हणायची. त्या दिवशी तिनं तो नीट वाचला आणि ‘हो’ म्हटलं. सहा मिनिटांत काम झालं.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. सासरे खुर्ची ओढून तिच्या खांद्यामागे बसले. तिनं ड्राइव्ह लावली, एफ-बारा दाबून त्यावरून मशीन चालू केलं. भाषा, कीबोर्ड, नाव, पासवर्ड. ते प्रत्येक पायरीला हे कशाला, ते कशाला विचारत होते आणि ती सांगत होती. नवराही चहाचा कप घेऊन येऊन उभा राहिला.

मग तो पडदा आला. जुन्या सिस्टिमशेजारी नवी बसवायची, की डिस्क पूर्ण पुसायची? तिनं दोन्ही पर्याय मोठ्यानं वाचून दाखवले. जुनं ठेवलं तर सगळं तसंच राहील, हेही सांगितलं. नवऱ्यासमोर, स्वच्छ शब्दांत.

“अर्धवट कामं मला आवडत नाहीत,” सासरे म्हणाले. “पूस.”

“कॉपी एकदा बघून घेता, बाबा?”

“तुला सांगितलं ना एकदा?”

“मग तुम्हीच दाबा,” ती म्हणाली आणि खुर्चीतून उठली.

ते खूश झाले. चष्मा सारखा केला, बोट वर उचललं आणि उद्घाटनाची फीत कापावी तसं एंटर दाबलं. निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. ती शेवटाला पोहोचेपर्यंत ते बघत बसले. नंतर मशीन पाऊण मिनिटात चालू झालं तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहून मान डोलावली. तिच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी ते कपाटातली ड्राइव्ह घेऊन आले. लावली. काढून फुंकली, पुन्हा लावली. तिला नाही, मुलाला हाक मारली. नवऱ्यानं चारदा तपासून पाहिलं आणि मग त्याच्या ध्यानात आलं. ज्या ड्राइव्हवर लिनक्स घातलं ती कॉपीची होती का, असं त्यानं बायकोला विचारलं. ती म्हणाली, बाबा कोरी आहे म्हणाले, मी कशाला उघडून बघू? सासरे मध्ये पडले नाहीत. ते रिकामी ड्राइव्ह पुन्हा लावून बघत होते.

तिनं सगळ्यांसमोर कॉलेजच्या हार्डवेअरवाल्याला फोन लावला, पण आवाज तिच्या एकटीच्याच कानात होता. तो म्हणाला, घाबरू नका, पुसलं म्हणजे गेलं असं नसतं. वर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर बरंचसं परत काढता येतं. लॅपटॉप आत्ताच्या आत्ता बंद करा आणि बुधवारी आणून द्या. तिनं आभार मानले, फोन ठेवला आणि सांगितलं, तो म्हणतो आता काहीच परत येणार नाही.

सोमवारी नवरा कामावर गेला आणि ती डबा भरत होती, तेव्हा सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते तिथे येत नसत.

“त्यात तुझ्या सासूची तीनशे पानं होती,” ते म्हणाले. “शेवटची दोन वर्षं. ती अंथरुणावरून जे जे बोलायची ते मी चिठ्ठ्यांवर टिपत होतो. टाइप झाल्यावर चिठ्ठ्या जाळून टाकल्या.”

तिच्या हातातलं झाकण डब्यावर बसेना.

“लिहून झालं की मी विसरून जायचो. विसरण्यासाठीच लिहीत होतो. आता लिहिलेलंही नाही आणि आठवतही नाही.”

ते खोलीत जाऊन आडवे झाले. तिनं डबा तसाच उघडा ओट्यावर ठेवला. फोन हाताशीच होता. बुधवार परवावर होता. लॅपटॉप पिशवीत घालून आत्ता निघाली असती तरी चाललं असतं. पण तीनशे पानांबरोबर तेही पान परत आलं असतं. शिवाय हार्डवेअरवाल्यानं हे रविवारीच सांगितलं होतं, हेही घरी कळलं असतं.

तिनं कॉलेजला कळवलं की बरं वाटत नाही. टेबलावर लॅपटॉप उघडला, आधीच घरी आणून ठेवलेली लॅबची मोठी हार्ड डिस्क त्याला जोडली आणि त्यातली लेक्चरांची रेकॉर्डिंगं उतरवायला लागली. लॅपटॉप काठोकाठ भरला की सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं, म्हणजे खालचं जुनं काही उरणार नाही. पहिल्या खेपेला ती सरकत्या पट्टीसमोरून हलली नाही. दुसऱ्या खेपेला तिनं मध्येच भाजी निवडून घेतली. तिसऱ्या खेपेपर्यंत दुपार टळली होती. सासऱ्यांना पाणी देऊन आली तेव्हा ते जागेच होते. बाहेर काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. नवी सिस्टिम नीट लावून देतेय, असं ती म्हणाली.

“तू आहेस म्हणून,” ते म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, वहीत, पेनानं. मुलगा संध्याकाळी शेजारी बसायचा. पण तो आईच्या शेवटच्या वर्षात नोकरीसाठी लांब होता, आणि त्याला जे आठवायचं ते बापाला पटायचं नाही. एकदा आईनं आपलं नाव घेतलं होतं का, असं त्यानं विचारलं. बापाला सांगता येईना. घेतलं असेल, म्हणाले. असेल म्हणजे काय, असं म्हणून मुलगा उठून गेला आणि त्यानंतर बसायचाच बंद झाला. बायकोशीही तो कामापुरतंच बोलू लागला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

मग सासरे वही घेऊन तिच्याकडे येऊ लागले. ती कपड्यांच्या घड्या करत असे तेव्हा ते समोरच्या स्टुलावर बसत. एका दुपारी त्यांनी पेन वहीवर टेकवलं आणि विचारलं.

“तिला कुठल्या कानानं कमी ऐकू यायचं गं? कुठल्या बाजूला बसायचो मी?”

ते असं बघत होते, जणू हे तिला ठाऊक असणारच. तिनं भिंतीवरच्या फोटोकडे एकदा पाहिलं आणि हातातल्या शर्टाची घडी पुरी केली.

“डावा,” ती म्हणाली. “डाव्या कानानं कमी यायचं. तुम्ही उजवीकडे बसायचात.”

त्यांच्या जिवात जीव आला. मान खाली घालून त्यांनी ते लिहून घेतलं, सावकाश, गोल अक्षरात. मग पान उलटलं आणि पुढचं विचारलं, आणि तिनं तेही सांगितलं.