मोगरीच्या गाठीचे तीन दोरे

समजा, रविवार आहे आणि तुम्ही कोपरखैरणे गावातल्या एका घराच्या गच्चीवर बसला आहात. पुढ्यात साबणाच्या फेसात मोगरी नावाची एक तांबूस कुत्री उभी आहे. तिच्या पोटावरून हात फिरवताना एका आचळाशेजारी बोटांना काहीतरी कडक लागतं. कातडीखाली, वाटाण्याएवढं. तुम्ही काय कराल?

अकरा वर्षांच्या उन्नतीनं बोट तिथंच ठेवलं आणि आजोबांना हाक मारली.

तिचे आजोबा गोटीराम. आज जिथं इमारती आहेत तिथं त्यांची भातशेती होती आणि गोठ्यात चार गाई. त्यांनी वाकून गाठ चाचपली. "दगडी हाय गो. दूध साकळलं का गाईंना व्हायची तशी. हलद लाव, जाईल."

"पण आजोबा, मोगरीला पिल्लं कुठं आहेत? मग दूध कुठनं येईल?"

आजोबा हसले. "वकील हो तू."

"डॉक्टरकडे नेऊ या ना. वरच्या भाडेकरूंच्या बॉक्सरला कॅन्सर झाला होता."

"ते विलायती कुत्र्यांचं दुखनं. आपली गावठी हाय, लोखंडाची."

उन्नती भांडली नाही. तिनं हळद लावली. पण त्याआधी आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा गाठीवर आडवा धरला आणि गाठीएवढा तुकडा कापून ठेवला. पुढच्या रविवारी दुसरा कापला, त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा. मग तिन्ही तुकडे आजोबांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. मोठ्या माणसांनाही सुचत नाही असं काम तिनं केलं होतं. गाठ वाढते आहे हे सांगायला तिला आता एक शब्दही लागला नाही.

आजोबांनी एकेक दोरा बोटानं सरळ करून पाहिला. "रिक्षा बोलव," ते म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टर संध्याताईंनी विचारलं, "वय किती हिचं?"

"सहा," आजोबा म्हणाले. "लॉकडाऊनमध्ये आली."

"आली तेव्हा हिच्या मागं तीन पिल्लं होती," उन्नती म्हणाली. "म्हणजे तेव्हाच मोठी होती. आपण आपल्या घरातली वर्षं मोजतोय, आजोबा."

डॉक्टरांनी मोगरीचे ओठ वर करून दात पाहिले. "नातीचं बरोबर आहे. नऊ-दहा वर्षं तरी असतील. आणि हे कळणं फार गरजेचं होतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कॅन्सर काही जातींत जास्त दिसतो, बॉक्सर त्यातलाच. म्हणून गावठी कुत्री सुटतात असं नाही. वय वाढतं तसा धोका वाढतो. आचळाजवळच्या गाठी नरांमध्ये क्वचितच होतात, पण नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या माद्यांमध्ये पुष्कळ. लहानपणीच नसबंदी केली तर हा धोका बराच कमी होतो.

"मग ही कॅन्सरचीच गाठ आहे?" उन्नतीनं विचारलं.

"नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. अशा गाठींपैकी निम्म्याच्या आसपास साध्या निघतात. काढायची, तपासायला पाठवायची, मग कळेल."

रक्त तपासलं, छातीचा एक्सरे झाला, ऑपरेशन झालं. अहवालाला दहा दिवस लागले. त्या दिवसांत आजोबा मोगरीला स्वतःच्या हातानं भात भरवत होते आणि कुणी बघितलं की म्हणत होते, "ताटात उरला व्हता."

अहवाल आला. गाठ कॅन्सरचीच होती. पण लहान असतानाच निघाली होती, कडेनं काही उरलं नव्हतं.

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजे मी हलदीत दोन आठवडं घालवलं."

"हळदीनं काही बिघडलं नाही, काका," डॉक्टर म्हणाल्या. "वेळ गेला, पण नातीनं तो मोजून ठेवला होता. आता दर महिन्याला सगळी आचळं चाचपायची. दुसरीकडेही गाठ येऊ शकते."

"मी गाईची कास ओलखतो," आजोबा हळूच म्हणाले. "हिचं मला कलत नाय."

घरी आल्यावर उन्नतीनं मोगरीला गच्चीवर कुशीवर झोपवलं. आजोबांना शेजारी बसवलं. त्यांचं राकट बोट धरून पहिल्या आचळाजवळ टेकवलं आणि सांगितलं, "हलकेच. दाबायचं नाही, नुसतं सरकवायचं." मग ते बोट तिनं दुसऱ्या आचळाकडे नेलं.