नाताळच्या फराळाचा डबा

पप्पांना डोंगरात न्यायचं हे माझं खूळ नव्हतं, आणि पाठीवरच्या पिशवीत नाताळचा फराळ कोंबायचा हे तर मुळीच नव्हतं. पण श्रीरामपुरात प्रभुदास मास्तरांनी एकदा मनावर घेतलं की घरात कुणाचं चालत नाही. साठी ओलांडलेले, रोज इन्सुलिन घेणारे माझे वडील ऐन डिसेंबरच्या थंडीत रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जाणार होते. एकटे कसे सोडणार? गेले मी मागोमाग, इन्सुलिनचं पेन गारठू नये म्हणून स्वेटरच्या आत छातीशी धरून.

चालताना माझं लक्ष डोंगरांकडे नव्हतंच. पप्पांचा पाय कुठे पडतो, श्वास किती लागतो, तेवढंच मी बघत होते. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ग्लुकोजची पाकिटं आणि चॉकलेटं होती. साखर उतरली तर लगेच हाताशी असावीत म्हणून. तो कप्पा मी सारखी चाचपायचे.

आणि पप्पांचा नियम असा, की नाताळात ज्याच्या ओट्यावर टेकलो त्याच्या ताटात आपला फराळ पडलाच पाहिजे. खिंडीच्या अलीकडे शेवटचं घर लागलं ते पुष्पावतीबाईंचं. त्यांनी कोरा चहा दिला.

"साखर जराशीच हाय, ताई. बाजार उद्याच्याला," त्या ओशाळून म्हणाल्या.

चहा जवळजवळ अगोडच होता. पप्पांसाठी बरंच झालं, असं मला वाटलं. मी झऱ्यावर बाटल्या भरायला गेले. परत आले तेव्हा पुष्पावतीबाई आमचा फराळाचा स्टीलचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. करंज्या संपल्या, तेवढंच ओझं कमी! डबा पिशवीच्या तळाशी कोंबला आणि ऊन उतरतंय म्हणून पप्पांना पिटाळलं. त्या घाईत कप्पा चाचपायचा राहूनच गेला.

खिंडीत वारा नुसता बोचत होता. माझी बोटं आखडली होती, आणि पप्पांच्या कपाळावर मात्र घाम. साखर उतरल्याचीच ही खूण.

"पप्पा, बसा. आज वार कोणता?" भान शाबूत आहे का, ते बघायला मी विचारलं.

"तू कोण विचारणारी?" ते खेकसले. माझ्यावर ते कधीच खेकसत नाहीत. त्यांचे हात थरथरत होते.

मी कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

"पाकिटं कुठंयत? पप्पा, चॉकलेटं कुठंयत?"

"करंज्या पुरल्या नाहीत," ते अडखळत म्हणाले. "पोरं होती तिथं... नाताळ आहे ना."

असा राग आला की रडूच फुटलं. पिशवीत तांदूळ होते, डाळ होती, मॅगी होती. तोंडात टाकून लगेच लागू पडेल असं काही नव्हतं. मोबाईलला रेंज नाही. खाली घराशी धावत जावं, तर यांना इथे कड्याशी एकटं कसं ठेवायचं?

"डबा उघड," पप्पा पुटपुटले.

"डबा रिकामा आहे!" मी ओरडले. बरळायला लागले, आता हे हातचे जाणार, असंच वाटलं.

"रिकामा देत नाहीत गं कुणी," ते डोळे मिटून म्हणाले.

मी पिशवी उपडी केली आणि डबा उघडला. आत साखर होती. रीत म्हणून घालतात तशी चिमूटभर नाही, चांगली दोन मुठी.

चिमूट चिमूट त्यांच्या गालात सारत राहिले. गिळतायत ना, ते बघत राहिले. प्रार्थना सुरू केली, तर लहानपणापासून पाठ असलेली ओळ आठवेना. नुसतं "पप्पा, पप्पा" एवढंच तोंडातून निघत होतं.

हळूहळू हात थरथरायचे थांबले. पप्पांनी डोळे उघडले आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "मॅगी करतेस का? भूक लागलीय."

मी हसले, मग ओक्साबोक्शी रडले.

"काय होतं गं डब्यात?" खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं.

"साखर."

"किती?"

मला तो अगोड चहा आठवला.

"त्यांच्या घरात होती तेवढी," मी म्हणाले.

पप्पांनी पिशवीतून तांदूळ काढले आणि डबा माझ्यापुढे धरला. मी तो काठोकाठ भरला, झाकण दाबून लावलं, आणि आम्ही गडाकडे पाठ करून खाली त्या घराकडे निघालो.